व्याह्यावरचा दुपट्टा

आमच्या बीबी गावात कुत्री पुष्कळ आहेत, पण कामावर असलेला कुत्रा एकच, आणि तो माझा. नाव जमादार. अंग करडईच्या भुशासारखं भुरकट, एक कान उभा, एक पडलेला. उभा कान गावासाठी आणि पडलेला माझ्यासाठी, असं मी समजतो. माझा शब्द त्यानं आजवर खाली पडू दिलेला नाही. अडचण एवढीच, की माझा शब्द कोणता, हे त्याचं तो ठरवतो.

एका श्रावणात तो मला वांग्याच्या ओळीत सापडला. मुठीएवढा जीव, चिखलानं माखलेला, थरथर कापत होता. खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून मी त्याला घरी आणला. माझ्या दुपट्ट्याखाली जे येतं ते माझं, हे त्याला तेव्हाच कळलं असावं. कारण त्या दुपट्ट्याखाली पहिल्यांदा तोच आला होता.

पुढे त्याच समजुतीवर आमचा मळा चालू लागला. मी वांगी तोडायचो, बांधावर ढीग घालायचो, ढिगावर दुपट्टा टाकायचो आणि मोट हाकायला निघून जायचो. जमादार ढिगाशी बसायचा. पुढचे दोन पाय दुपट्ट्याच्या काठावर, नजर समोर. मग त्या ढिगाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. माझी बायको रुख्मिणी भाजीला दोन वांगी घ्यायला आली, तरी तो बसल्या जागी असा गुरगुरायचा, की जात्यात खडा अडकला असं वाटावं. एखादं वांगं घरंगळून निघालंच, तर तो उठायचा आणि नाकानं ढकलत ढकलत त्याला जागेवर आणायचा. टोपली माझ्या डोक्यावर चढली, की गुमान मागं चालायचा. सुटका एकाच गोष्टीनं व्हायची. मी माझ्या हातानं दुपट्टा उचलायचा आणि दोनदा झटकायचा. झट, झट. की जमादार मोठी जांभई द्यायचा, अंग झाडायचा आणि शेपटीसकट माझ्या अंगावर यायचा.

एकदा बीबीच्या बाजारात गर्दीत माझा दुपट्टा चुकून दुसऱ्याच माणसाच्या मिरचीच्या पोत्यावर राहिला. मी आपला गुळाकडे गेलो. परत येतो तर बाजार उठायला आला होता. पोतं भरलेलं, मिरचीवाला दूर झाडाखाली उकिडवा बसलेला, आणि गिऱ्हाइकं गोल करून कुत्र्याकडे पाहत उभी. सगळ्यांनी मला शिव्या दिल्या. मला मात्र भरून आलं. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या सख्ख्या भावानंही ठेवलेला नाही.

तर असा हा जमादार. आणि अशा जमादारापायी माझ्या पोरीची सोयरीक मोडायची वेळ आली.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मेहकरला नवी येष्टी जाऊ लागली होती आणि गावोगाव नवे ग्रामसेवक येत होते. त्यातलाच एक सहदेव, साखरखेर्ड्याच्या भगवंतरावांचा मुलगा. शांत, सायकलवरून फिरणारा, बोलताना खाली पाहणारा. हिंमतरावांनी हे स्थळ आणलं. हिंमतराव म्हणजे आमच्या गावचे सोयरीक जुळवणारे. ज्या घरात उपवर पोर आहे, त्या घरचा चहा त्यांच्या नावानं उकळत असतो. पोरगा पाहून गेला, पोरगी पाहून झाली. आणि त्या दिवसापासून आमची द्वारका वरणात दोनदा मीठ घालू लागली. जात्यावर बसली की तिचा आवाज असा निघायचा, जसा पाटाला पाणी सोडल्यावर पहिल्यांदा मातीतून निघतो. रुख्मिणी म्हणाली, "ही सोयरीक झाली पायजे. नाही तं पोरगी आपल्याले खारट वरण चारू चारू मारते."

सगळं जुळलं होतं. अडलं होतं फक्त कुंकवाच्या दिवशी, म्हणजे साखरपुड्याला, व्याह्याला द्यायच्या मानावर.

"कडूबा," हिंमतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "भगवंतराव देव माणूस आहे. हुंडा नाही, मागणं नाही. पण मानाचा मोठा कडक. थोरल्या पोराच्या टायमाले काय झालं, मालूम आहे न तुले?"

"नाही बा."

"कुंकवाच्या दिवशी त्या लोकाइनं भगवंतरावाच्या खांद्यावर शेला टाकला. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं, का हा साधा आहे, भारी शेला तं घरातच राह्यला. म्हून पयला काढून घेतला. भगवंतराव तसाच उठला. म्हने, खांद्यावर टाकलेला मान ज्यानं दिला त्यानंच काढला, म्हंजे सोयरीकच काढून घेतली. गाडी जुंपली न घरी."

"मंग?"

"मंग काय? ते पोरगी दुसरीकडे दिली. म्हून सांगतो, एकदा टाकला का टाकला. हात नको लावू त्याले."

"हिंमतराव," मी छाती फुगवून म्हणालो, "माह्या घरी मानात कसर नाही पडणार. लिहून घ्या."

रुख्मिणीनं मेहकरहून खास दुपट्टा आणवला. पांढराशुभ्र, लाल रेशमी काठाचा. पण नवं कापड कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. खळ इतकी, की पत्र्यासारखं उभं राहायचं. असा दुपट्टा व्याह्याच्या खांद्यावर टाकला तर तो बसायचा नाही, टेकायचा. घरातल्या मोठ्या माणसानं आधी घडी मोडावी, ही आमच्याकडची रीत. घरात मोठा माणूस मीच. कुंकवाच्या दिवशी सकाळी माझा रोजचा दुपट्टा धुऊन कुंपणावर वाळत होता. म्हणून नवा खांद्यावर टाकला आणि म्हटलं, जरा मळ्यात चक्कर मारून घडी मोडू.

मळ्यात गेलो. पाहुण्यांच्या भरतासाठी वांगी तोडली, ढीग घातला, आणि हाताला जी सवय होती ती हातानं केली. नवा दुपट्टा ढिगावर. जमादार त्याच्याशी. मी बैल पाजून आलो, दुपट्टा उचलला, दोनदा झटकला, सुरेख घडी घातली. कापड आता खांद्यावर पाण्यासारखं पडत होतं. रुख्मिणीला सांगायचं काही कारण मला दिसलं नाही. तिला सांगण्यासारख्या गोष्टी मला नेहमीच उशिरा दिसतात.

भगवंतरावांची बैलांची दमणी दुपारच्या आधी आली. माणूस पिंपळासारखा. मिशा पांढऱ्या, पागोटं गुलाबी, चालताना पायाखालची जमीन थोडी वाट देते असं वाटावं. रुख्मिणी माझ्या कानाशी म्हणाली, "त्या कुत्र्याले बांधा हो."

"जमादाराले? तो काय चोर आहे?"

"चोर नाही, म्हून तं म्हणते."

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ओसरीवर बाज टाकली होती, तिच्यावर गादी, गादीवर तक्क्या, आणि तक्क्याला टेकून भगवंतराव. अंगणात सारं गाव. दयाराम वाजंत्री सनईची पिपाणी ओली करत बसला होता. त्याला सांगून ठेवलं होतं, की मान होऊन व्याही उठले की वाजवायचं. कुंकू लागलं, नारळ झाला, आणि मी दोन्ही हातांनी तो लाल काठाचा दुपट्टा भगवंतरावांच्या खांद्यावर टाकला. कसा बसला म्हणता! जणू त्या खांद्यांचं मोजमाप घेऊनच विणला होता.

निंबाखाली झोपलेल्या जमादारानं एक डोळा उघडला.

मग दुसरा उघडला. उठला. सगळ्या माणसांमधून, कोणाला धक्का न लावता, आपल्या नावाला शोभेल अशा चालीनं तो ओसरीवर चढला. दुपट्ट्याचं एक टोक बाजेवरून खाली आलं होतं. ते त्यानं हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. 'समजलं,' असं ते पाहणं होतं. आणि पुढचे दोन पाय त्या टोकावर ठेवून भगवंतरावांच्या पायाशी बसला.

सकाळचा ढीग मला आठवला.

"वा!" हिंमतराव म्हणाले. "मुकं जनावर, पण माणूस वळखते."

भगवंतराव खूश झाले. "जनावराले कळते बाप्पा. माणसाइलेच नाही कळत."

एवढ्यात हिंमतराव गुलाल लावायला पुढे झाले. जमादार गुरगुरला. हिंमतराव गुलालासकट अंगणात परत.

"काऊन हो, हे काय?" भगवंतरावांनी विचारलं.

आता खरं सांगावं, तर मानाचा दुपट्टा सकाळी वांग्यांवर होता, हे सांगावं लागणार. आणि दुपट्टा उचलावा, तर सोयरीक उचलली जाणार. दाराआड द्वारका उभी होती. तिच्या हातातलं पानसुपारीचं तबक हलत होतं, आणि बांगड्या एकमेकींना काहीतरी विचारत होत्या.

"रीत आहे," मी म्हणालो. "आमच्या घरची. मान घेतलेल्या व्याह्याजवळ घरधन्याशिवाय कोणी जायचं नाही. म्हून कुत्रं बसवतो आम्ही."

रुख्मिणीनं माझ्याकडे असं पाहिलं, की ती रीत तिथंच जळून जावी. पण भगवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "बरी आहे रीत. जुनी दिसते."

"फार जुनी," मी म्हणालो. त्या रीतीला अजून श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नव्हता.

मग जेवणं झाली. भगवंतरावांचं ताट मी नेलं, पाणी मी दिलं, भरीत मी वाढलं, ताक मी ओतलं. ग्लासामागून ग्लास. मुलीचा बाप स्वतः वाढतोय म्हटल्यावर तेही नाही म्हणेनात. साखरखेर्ड्याचे पाहुणे एकमेकांना कोपर मारून सांगत होते, की असा मान कोणी केला नाही. मला वाटलं, सुटलो. पाहुणे उठतील, दमणीत बसतील... आणि तिथं माझा विचार थबकला. ढीग स्वतः उठून गाडीत बसलेला जमादारानं आजवर पाहिला नव्हता.

तेवढ्यात भगवंतरावांनी मला बोटानं जवळ बोलावलं. कानाशी तोंड आणलं.

"व्याही, ताक लय झालं."

"अजून आणू?"

"आणू नका. जागा दाखवा."

मला अर्थ कळला. भगवंतराव उठायला गेले. उजवा पाय जोड्यात घातला. जमादार उठला, नाकानं तो पाय हळूच ढकलला आणि परत बाजेखाली लावला. डावा पाय निघाला. तोही परत. भगवंतरावांनी नेट लावून कंबर उचलली, तर जमादारानं धोतराचा सोगा दातांत धरून, अगदी अदबीनं, त्यांना गादीवर बसवलं.

"व्याही," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुमची रीत काय म्हणते?"

मी माझ्या रीतीला मनात चार शिव्या दिल्या. "दुपट्टा थोडा वेळ बाजूले ठेवता का? तुम्ही, तुमच्या हातानं."

"साऱ्या गावासमोर मान उतरवू? मी?" पण ताक मानापेक्षा मोठं होत चाललं होतं. उकडतंय असं दाखवून त्यांनी दुपट्ट्याला हात घातला. जमादारानं तो हात तोंडात धरला. चावला नाही. एखाद्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसा धरला, आणि जागेवर ठेवला.

भगवंतरावांच्या कपाळावर थेंब दिसू लागले. आणि मला एकदम आठवलं. ढीग चालत नाही, पण टोपली चालते. धन्याच्या डोक्यावर असली, की जमादार गुमान मागं येतो.

"रीतीचं अजून एक राह्यलं," मी म्हणालो. "मान घेतलेल्या व्याह्याचा पाय आमच्या अंगणाच्या धुळीले लागू देत नाहीत. खांद्यावर नेतात."

दुसऱ्या कोणत्या वेळी त्यांनी काय उत्तर दिलं असतं, देव जाणे. त्या वेळी ते म्हणाले, "मंग न्या लवकर."

मी बाजेपुढे बसलो. पिंपळ माझ्या खांद्यावर चढला. मी उठलो. कसा उठलो ते माझ्या गुडघ्यांना विचारा, त्यांनी अजून मला माफ केलेलं नाही. जमादार एकदा हुंगून खात्री करून घेऊन मागं चालू लागला. रुख्मिणी शहाणी. तिनं काय ते ओळखलं, आणि पाण्यानं भरलेला लोटा वरच्यावर भगवंतरावांच्या हातात दिला.

एवढं झालं आणि दयारामची सनई सुटली.

त्याचा काय दोष? व्याही उठले की वाजवायचं ठरलं होतं, आणि व्याही तर चांगलेच उठले होते. डफड्यावर टिपरी पडली. सारं अंगण मागं लागलं. बायकांना लोटा दिसला. व्याह्याच्या हाती पाण्याचा कलश, आणि रिकामा? एकीनं धावत जाऊन आंब्याचा डहाळा आणला, दुसरीनं त्याला कुंकू लावलं, तिसरीनं वर सुपारी ठेवली. भगवंतराव वरून म्हणत होते, "राहू द्या बाई, राहू द्या, पाणी सांडते." शेजारच्या अंबूबाईला ओवी सुचायला कारण लागत नसे, आणि इथं तर कारण खांद्यावर बसून चाललं होतं. तिनं गळा काढला:

माह्या व्याह्याचा गं मान, कसा खांद्यावं चालला
जमादार मागं मागं, नाही भुंकला बोलला

आम्हाला जायचं होतं डावीकडे, निवडुंगाच्या कुंपणाकडे. दयाराम वळला उजवीकडे, मारुतीच्या पाराकडे. मिरवणूक तिकडेच जाते.

"व्याही, डावीकडे," वरून आवाज आला.

"गर्दी आहे जी."

"डावीकडे वळा म्हणतो मी."

मारुतीला प्रदक्षिणा झाली. पाराजवळ कोणीतरी नारळ फोडला. त्याचं पाणी जमिनीवर सांडताना पाहून भगवंतरावांनी डोळे घट्ट मिटले. "पाणी नका दाखवू कोणी," ते म्हणाले. हे मानापमानाचं काही असेल समजून लोकांनी पाराजवळचा रांजणही झाकला.

मग मात्र त्यांनी माझे दोन्ही कान धरले आणि बैलाचा कासरा ओढावा तसा मला डावीकडे ओढला. मी पळालो. व्याही खांद्यावर, दुपट्टा वाऱ्यावर, मागं जमादार, त्यामागं सनई, त्यामागं गाव. निवडुंगाच्या कुंपणाआड मी भार उतरवला आणि पाठ करून उभा राहिलो.

सारं गाव धापा टाकत कुंपणापाशी आलं. अजून एक पाऊल, आणि भगवंतरावांचा सात पिढ्यांचा मान त्या निवडुंगात गेला असता. पण कुंपणाच्या तोंडाशी जमादार उभा होता. चारी पाय रोवलेले, पाठीवरचे केस उभे, आणि गुरगुर अशी, की दयारामची सनई मधेच गिळली गेली. एकही माणूस पुढं सरकला नाही. हिंमतरावांनी विचारलं, "कडूबा, तिथं काय चालू आहे?"

"पूजा," मी म्हणालो.

"कोणाची?"

"बोलायचं नसते मधात."

लोकांनी टोप्या काढल्या. हिंमतरावांनी कुंपणावरून थोडा गुलाल टाकला.

जरा वेळानं भगवंतराव बाहेर आले. चेहरा असा, जसं नांगरटीनंतर शेत. रिकाम्या लोट्यात आंब्याचा डहाळा तेवढा उरला होता. त्यांनी जमादाराकडे पुष्कळ वेळ पाहिलं.

"व्याही," ते म्हणाले, "शेले लय लोकाइनं टाकले. सांभाळला कोणी नाही. यानं सांभाळला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सोयरीक पक्की झाली होती. त्यांना खांद्यावरून ओसरीपाशी परत आणेपर्यंत माझं तेच पाणी कमरेतल्या कळेनं वाहू लागलं, ही गोष्ट वेगळी.

पण पाहुण्यांची निघायची वेळ झाली. दमणी जुंपली. मी व्याह्यांना उचलून दमणीत बसवलं. आणि जमादार दमणीखाली जाऊन उभा राहिला, दोन चाकांच्या मधोमध, साखरखेर्ड्याकडे तोंड करून.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पोटात अंधार झाला. दुपट्टा साखरखेर्ड्याला चालला होता. म्हणजे जमादारही चालला होता. मी जाऊन उचलेपर्यंत तो तिथं बसणार. खाणार नाही, हलणार नाही, वाट पाहणार. उचलावा, तर माझी पोर राहते. न उचलावा, तर माझं कुत्रं जातं. त्यानं खालून माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्यात. एवढंच होतं, की तू ये तुझ्या सवडीनं, तोवर मी आहे.

दमणी निघाली. मी मागं चालू लागलो. "पोचवायले येतो," म्हटलं. शिवेपर्यंत गेलो. शीव आली तरी थांबेना. हिंमतराव ओरडले, "कडूबा, साखरखेर्ड्यालेच चालला का बे?"

"बाबा."

मागं वळून पाहिलं. द्वारका. रीतभात सगळी घरी टाकून पोर धावत आली होती. धाप लागलेली, पदर कमरेला. तिनं दमणीकडे पाहिलं, दमणीखाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कुत्रं तिच्याच हाताखाली वाढलेलं, तिला काय सांगायचं?

"बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "व्याहीभेट राह्यली."

खरंच की. शिवेवर दोन्ही व्याह्यांनी गळ्यात गळा घालून भेटायचं असतं. लग्नातली रीत, पण आज इतक्या नव्या रीती निघाल्या होत्या, तिथं एक जुनी आधी झाली तर कोण विचारणार? भगवंतराव खाली उतरले. जमादार त्यांच्या पायाशी. मी मिठी मारली. माझे हात त्यांच्या पाठीवर, पाठीवर दुपट्टा, आणि बोटं त्याच्या लाल काठाशी अडलेली.

भगवंतराव माझ्या कानात म्हणाले, "मघापासून मानेले काहीतरी टोचून राह्यलं."

"काय जी?"

"वांग्याच्या देठाचा काटा. मीही मळेवालाच आहे, व्याही." मग म्हणाले, "घ्या, झटकून टाका. मी डोळे मिटतो."

दुपट्टा उचलला आणि त्यांच्या पाठीमागं झटकला. झट, झट. पायाशी एक लांबलचक जांभई ऐकू आली. मग पाठीवर दोन पंजे आले, आणि माझ्या कानात, मानेत, टोपीखाली, जिथं जागा मिळेल तिथं एक ओली जीभ. व्याही, मी आणि कुत्रा, तिघांची भेट झाली.

मी सवयीनं दुपट्टा परत त्यांच्या खांद्यावर टाकायला गेलो. द्वारका खाकरली. "बाबा, तुमच्या हातानं नका."

तिनं तो माझ्याकडून घेतला, काटा काढला, सासऱ्याच्या खांद्यावर घातला आणि पाया पडली. भगवंतरावांनी पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि डोळ्यात गुलाल गेला म्हणाले.

लग्नात मी जमादाराला बांधून ठेवला. रुख्मिणीनं गाठ दोनदा तपासली. सगळं निर्विघ्न झालं. पाठवणीच्या वेळी सोडला, कारण द्वारका म्हणाली, त्याला भेटल्याशिवाय मी जाणार नाही. ती दमणीत बसली. ऊन होतं. वारा होता. पोरीचा चेहरा रडून लाल झाला होता, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. मी खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्या डोक्यावर टाकला. दमणी हलली. अंबूबाईचा गळा भरून आला तरी ओवी थांबली नाही:

लेक निघाली सासरी, डोई बापाची सावली
गाडीखाली जमादार, त्याची पाउलं धावली

मी मुद्दाम टाकला नव्हता, असं मी सगळ्यांना सांगतो. शिवेवर उभा राहून धूळ खाली बसेपर्यंत पाहत होतो. उगाच एवढं मात्र वाटत होतं, की आता तिच्याजवळ वाकड्या नजरेनं कोणी फिरकणार नाही.

काही दिवसांनी मळ्यात वांगी तोडत होतो. ढिगाशी मीच बसायचो आता. बांधावर सायकल आली. सहदेव उतरला. डोळे लाल, दाढी वाढलेली, जावई सुकून गेलेला. पाणी प्यायला. भाकरी खाल्ली. खाली पाहून बांधावरचं गवत उपटत बसला. बरंच गवत उपटून झालं.

"सगळे बरे आहेत न, जावईबापू?"

"हाव, मामाजी."

"द्वारका?"

"बरीच असन. लांबूनच पाहून राह्यलो."

मग त्यानं मान आणखी खाली घातली आणि बांधाला सांगावं तसं म्हणाला, "मामाजी, तुम्ही एकदा येऊन तेवढा दुपट्टा उचलला असता तं बरं झालं असतं."

मी गेलो. लेकीच्या घरचं पाणीही न पिता आत शिरलो आणि द्वारकेच्या डोक्यावरचा दुपट्टा माझ्या हातानं उचलून दोनदा झटकला. ती तोंडात पदर कोंबून हसत होती. जमादार माझ्याबरोबर घरी आला. वाटेत दर बाभळीशी थांबून तो माझ्या पायांवर अंग घासत होता.

आता कधीमधी साखरखेर्ड्याला जाणं होतं. जावई माझा फार मान ठेवतो. मी दारात दिसलो, की हातातलं काम टाकून धावत येतो आणि रामराम करायच्या आधी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा काढून घेतो.